एक विडी, एक वाक्य

माझ्या पदविकेवर लिहिलंय की माझा उगम-अंक ब्याऐंशी आहे. म्हणजे मी दिलेल्या उत्तरांपैकी शंभरातली ब्याऐंशी माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाली. खोटं आहे. एकही निघालं नव्हतं.

नरसाक्का चिट्यालच्या नोंदीवर लिहिलंय: उगम-अंक अकरा, उत्तरे स्वतःची नाहीत. तेही खोटं. तिचं प्रत्येक उत्तर तिचं होतं. ही दोन खोटी वाक्यं एकाच यंत्रानं, एकाच सकाळी, पत्र्याच्या एका भिंतीच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांविषयी लिहिली. तिच्या नावापुढची ओळ मला पुसता आली असती. पुसली नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची विणकर वस्ती. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. बाप्ये मागावर, बाया विडीवर, अशी तीन पिढ्यांची वाटणी. मी यादगिरी, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. चाळीस माग एकदम खडखडत असताना त्यातला एक अडखळला तर डोळे मिटूनही मी बोट दाखवायचो. मग स्वतःलाच दुरुस्त करणारे माग आले आणि माझे कान बिनकामाचे झाले. विडीही संपत आली होती. ओढणारे मरून चालले होते आणि नवे तयार होत नव्हते. त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं की प्रत्येक वस्तीत आरोग्य केंद्र, केंद्रात दोन खुर्च्या, एक सकाळपाळीच्या सहायकाची, एक दुपारपाळीच्या. वर्षभराची पदविका, सगळी ऑनलाइन, वयाची अट नाही. आमच्या वस्तीतून दोघांनीच नाव घातलं. मी, एकेचाळीस वर्षांचा. आणि शेजारची नरसाक्का, बावन्न वर्षांची, सातवी पास, नवव्या वर्षापासून विडी वळणारी, जर्द्याच्या धुळीनं छाती खरवडून निघालेली.

माझी आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून अक्काच्या घरी माझं ताट धरलेलं असायचं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला सूट देणार नाही.

उगम म्हणजे काय तेही सांगतो, कारण विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ते अशा भाषेत लिहिलंय की वाचणाऱ्यानं घाबरून सही करावी. एके काळी परीक्षेत उत्तर तपासायचे. मग मोबाइल कुठल्याही प्रश्नाचं बरोबर उत्तर दोन सेकंदांत द्यायला लागला आणि उत्तर तपासण्यात काही अर्थ उरला नाही. उत्तर बरोबर असणारच. तपासायचं ते एवढंच, की ते आलं कुठून. म्हणून परीक्षा तोंडी झाली. विद्यार्थी घरी बसून पडद्यासमोर बोलतो, आणि उगम त्याच्याकडे बघत बसतं.

स्वतः विचार करून बोलणारा माणूस वाक्याच्या मधेच अडतो. अवघड शब्द यायच्या आधी त्याचा श्वास बदलतो. डोक्यावर भार आला की डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते आणि भार उतरला की लहान होते, ते त्याच्या हातात नसतं. वाचून बोलणारा किंवा कानात कुणी सांगतंय ते बोलणारा वाक्य संपल्यावर थांबतो, मधे थांबत नाही, आणि त्याची बाहुली मेल्यासारखी शांत राहते. कॅमेरा सेकंदात दोनशे वेळा बाहुली मोजतो, माइक श्वास मोजतो, खांद्याची हालचाल बघून टेबलाखालचे हात काय करतायत त्याचाही अंदाज घेतो. सगळ्याचा मिळून शंभरापैकी एक आकडा. साठाच्या वर असाल तर प्रामाणिक.

मी चाळीस मागांत कान लावून जे करायचो तेच उगम करत होतं, फक्त उलटं. ते न अडखळणाऱ्याला धरायचं.

आता पाठ करून बोलणाऱ्याचं काय? त्याचीही बाहुली शांत असते, तोही मधे अडत नाही. यंत्र बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी तळटीपेत लिहून ठेवलं होतं की अशा उमेदवारांचं प्रमाण नगण्य आहे. नगण्य म्हणजे नरसाक्का.

अक्काच्या ओसरीवर पाचसहा बाया मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसायच्या. त्यात रेणुका नावाची वस्तीतली एक सून बारावी झालेली. धडा तिच्या मोबाइलवर लागायचा, आणि एक वाक्य झालं की ती थांबवायची. मग अक्का ते वाक्य एका विडीत म्हणायची. कातरलेलं पान उचललं, त्यावर जर्दा घातला, वळलं, तोंड मोडलं, दोरा गुंडाळला. पाच हालचाली, वाक्याचे पाच तुकडे. जुलाब होणाऱ्या, लेकराचे डोळे, खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून, ती सावकाश बसते का. विडी सुपात पडायची आणि वाक्य अक्काच्या हाडात जाऊन बसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीच्या बायाही म्हणायच्या. वर्षभरात त्या ओसरीवर निम्मी पदविका सगळ्यांचीच झाली होती.

आणि नुसती घोकंपट्टी म्हणाल तर तसंही नाही. ती रेणुकाला थांबवून विचारायची. मीठ गेलंय म्हणून मीठ द्यायचं हे कळलं, साखर कशाला? रेणुकानं शोधून सांगितलं की साखर मिठाला हाताला धरून आतड्यातून आत नेते. अक्का हसली होती. म्हणाली, म्हणजे एकट्या मिठाला घरात घेत न्हाईत, सोबत गोड माणूस लागतंय. तो धडा तिला त्यानंतर कधी चुकला नाही.

मी त्या वर्षात काय केलं? एकही धडा पुरता ऐकला नाही. आधी नोकरी लागू दे, मग शिकू, असं म्हणत राहिलो. सगळे असंच करतात हेही म्हणत राहिलो, आणि ते बरंचसं खरंही होतं. बाजारात ‘अडखळ’ नावाची चीज आली होती. कानामागच्या हाडावर मटारएवढा गोळा चिकटवायचा. त्यातून उत्तर ऐकू येतं, बाहेर कुणाला कळत नाही. पण खरी हुशारी पुढे आहे. उत्तर सांगता सांगता मधेच तो गोळा सतराचा पाढा विचारतो. सतरा त्रिक? सतरा साते? तोंडानं जुलाबाचं बोलायचं आणि डोक्यानं पाढा काढायचा. डोक्यावर खराखुरा भार येतो, बाहुली खरीखुरी फुलते, जीभ खरीखुरी अडते. उगमाला खोटं काहीच दिसत नाही, कारण अडखळणं खरं असतं. फक्त ते दुसऱ्याच गोष्टीवरचं असतं.

परीक्षेच्या सकाळी भिंतीपलीकडून अक्काचा आवाज येत होता. स्वच्छ, एका चालीत, माग व्यवस्थित चालावा तसा. तेच उत्तर माझ्या कानामागून येत होतं आणि मी पाढे सोडवत, चाचपडत ते बोलत होतो. परीक्षा झाल्यावर तिनं ओसरीवरून विचारलं, कसं गेलं. मी म्हणालो, बरं गेलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

आठवड्यानं निकाल आला. अकरा आणि ब्याऐंशी.

तिच्या निकालाखाली कारणं होती. विराम अनैसर्गिक. बाहुली स्थिर. दोन्ही हातांची टेबलाखाली सतत, लयबद्ध हालचाल, लपवलेल्या उपकरणाशी संपर्क असल्याची शक्यता. रेणुकानं ते वाचून दाखवलं तेव्हा बायांना आधी कळेचना. मग अक्कानं आपले हात वर करून बघितले. उत्तर आठवायचं म्हणजे बोटं चालणारच. टेबलाखाली, रिकाम्या मांडीवर, तिनं त्या सकाळी दोनतीनशे विड्या वळल्या असतील. एकातही जर्दा नव्हता.

तीन वर्षं परीक्षा बंद आणि नोंदीवर ती ओळ कायमची. शिक्षणाची नोंद आता आधारकार्डासारखी माणसाला चिकटलेली असते, रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे उघडते. दुसऱ्याच आठवड्यात रेशन दुकानदारानं ती वाचली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, काय ओ मावशी, ह्या वयात कॉपी? त्या दिवशी अक्का धान्य न घेता परत आली.

फेरसुनावणीचा एक रस्ता होता. ज्यानं तिला शिकताना पाहिलंय अशा त्याच परीक्षेच्या एका सहाध्यायीची साक्ष लागायची. बायांची चालत नव्हती, त्या परीक्षेला बसल्या नव्हत्या. म्हणजे मीच. पण साक्षीदारासाठीही नियम होता: जो साक्ष देईल त्याच्या परीक्षेचं चित्रण नव्या, आणखी बारीक चाळणीतून पुन्हा जाईल. त्या चाळणीत कानामागचा गोळा लपला नसता.

अक्का घरी आली. उंबऱ्यावर बसली, आत आली नाही.

“यादगिरी, मी कसं शिकले ते तू बघितलास. तेवढंच सांग की रे त्यान्ला. जास्त काय बोलू नको.”

मी येतो म्हणालो. खरंच जाणार होतो, असं मला तेव्हा वाटत होतं. आता वाटत नाही.

सुनावणी पडद्यावर होती. समोर तिघं, त्यात मुख्य केसकर मॅडम. बाई दुष्ट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण दुष्ट असत्या तर राग काढायला सोपं गेलं असतं. त्या अक्काला आपुलकीनं बसा म्हणाल्या, पाणी प्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की दोन्ही हात टेबलावर, पंजे पालथे ठेवा आणि सांगा, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी का देतात.

अक्कानं हात ठेवले. काळपट, तेंदूच्या पानानं चिरलेली बोटं. तोंड उघडलं. बोटं उचलली गेली, तशा मॅडम हळूच म्हणाल्या, “हात स्थिर ठेवा हं.” अक्कानं हात दाबून धरले. पुन्हा तोंड उघडलं. काही आलं नाही. बाजूला घड्याळाचा आकडा पळत होता. पंधरा सेकंद, वीस सेकंद. जी बाई विडी हातात असली की मीठ आणि साखर आतड्यातून कसे जोडीनं जातात ते गाण्यासारखं सांगायची, तिला मीठ हा शब्द सापडत नव्हता.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “हात धरलं की तोंडबी धरल्यावानी होतंय.”

मॅडम थोडं हसल्या. असं कुठं असतं का हो, म्हणाल्या. पण कागदावर काहीतरी लिहिलं, आणि साक्षीदाराला बोलवा म्हणाल्या.

मला हे सगळं माहीत आहे कारण मी तिथं होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन होता, त्यावर माझं नाव, कॅमेरा बंद, आवाज बंद. त्यांनी माझं नाव तीनदा पुकारलं. आवाजाच्या चिन्हावर माझं बोट होतं. एक सूत खाली न्यायचं होतं. अक्का त्या काळ्या चौकोनाकडे बघत होती, मला दिसत होती, मी तिला दिसत नव्हतो. तिसऱ्या वेळी पुकारल्यावर मी बोट काढून घेतलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

संध्याकाळी रेणुकाला सांगितलं की अंगात सणकून ताप होता.

दुसऱ्या दिवशी अक्का डब्यातून चारू, म्हणजे आमच्याकडचं सार, घेऊन आली, मिरीचं, माझी आई करायची तसं. ताप होता म्हणे, एवढंच म्हणाली. मी पांघरूण घेऊन पडलो होतो. तिनं कपाळाला हात लावून बघितला. हात लगेच काढला नाही. कपाळ गार होतं. मग डब्याचं झाकण उघडून ठेवून गेली.

मी ते चारू प्यालो. माझी कातडी किती जाड होती ते यावरून मोजा.

केंद्र उघडलं. दोन खुर्च्या आल्या, एकीवर मी बसलो. दुसरी रिकामी राहिली, कारण पूर्व भागातल्या एकाही वस्तीला दुसरा सहायक मिळत नव्हता. केंद्रात यंत्र होतंच, विचाराल ते सांगणारं. लोकांना वाटतं, मग माणूस कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. त्याचं उत्तर तिसऱ्याच आठवड्यात मिळालं.

लावण्या नावाची पोर आली, आठवा महिना. डोकं दुखतंय म्हणाली. मी यंत्राला विचारलं: गरोदर बाई, डोकेदुखी, काय द्यावं. त्यानं एक साधी गोळी सांगितली, आराम सांगितला, दुसरा काही त्रास आहे का ते विचारा असंही सांगितलं. ती ओळ मी वाचली आणि सोडून दिली. गोळी काढायला उठलो.

केंद्राच्या पायरीवर अक्का सूप घेऊन बसली होती. ओसरीवर ऊन येतं म्हणून हल्ली इथं बसते, असं तिनं सांगितलं होतं. मान वर न करता, हात न थांबवता ती म्हणाली, “लावण्या, डोळ्यापुढं काजवे चमकतेत का गं?”

पोर म्हणाली, होय, सकाळपासून.

“तोंड सुजलंय तुझं. अंगठी निघते का बघ.” अंगठी निघेना. मग माझ्याकडे न बघता, “रक्तदाब बघ तिचा.”

रक्तदाबाचा आकडा फार वर होता. तीच लक्षणं आता यंत्राला नीट सांगितली, तर ते लाल झालं आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणून ओरडायला लागलं. रिक्षात घालून पाठवली. तिथं झटका यायला आणि डॉक्टर समोर असायला एकच गाठ पडली. दोघी वाचल्या, आई आणि मुलगी. कागदावर पाठवणाऱ्याची सही माझी. वस्तीनं मला हार घातला. अक्कानंही टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर मी पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसलो. आधी तीच बोलली.

“प्रश्न विचारायला शिकलाच न्हाईस बे तू. उत्तरं काय, उत्तरं रस्त्यावर पडलेत.”

मी म्हणालो, अक्का, मी परीक्षेत...

“ठाऊक हाय. भिंतीपलीकडनं ऐकले मी. जुलाबाच्या उत्तरात मधीच एकावन्न म्हणलास. जुलाबात एकावन्न कुठं असतंय?”

सतरा त्रिक एकावन्न. पाढ्याचं उत्तर त्या सकाळी माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं. उगमानं ते ऐकलं आणि खरं अडखळणं म्हणून मला मार्क दिले. अक्कानं ते ऐकलं आणि चहा ठेवायला आत गेली. म्हणजे साक्ष द्यायला ये म्हणून उंबऱ्यावर बसली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी विचारलं, माहीत असताना मला कशाला बोलावलंस?

तिनं दोरा दातानं तोडला. “वाटलं, येशील.”

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, उशिरा कळली, पण इथं लिहितो. मला वाटायचं की परीक्षेत फसवलं तर विद्यापीठाला फसवलं, आणि विद्यापीठाला फसवायला काही वाटत नाही, तेही आपल्याला फसवतंच. पण ती परीक्षा विद्यापीठाची नव्हतीच. ती लावण्याची होती. माझ्या ब्याऐंशी अंकांवर विश्वास ठेवून ती चालत आली होती आणि मी तिला गोळी देऊन घरी पाठवणार होतो. यंत्राला जे कळत नव्हतं ते मला तरी कुठं कळत होतं?

त्यानंतर साडेतीन वर्षं असं चाललं. खुर्चीवर मी आणि पायरीवर अक्का. कागदावर सही माझी आणि प्रश्न तिचे. तीन वर्षांची बंदी संपली तेव्हा मी म्हणालो, पुन्हा बस. ती म्हणाली, पुन्हा हात धरतील. तिला तोवर खोकल्याची उबळ आली की अर्धा अर्धा तास थांबत नव्हती. मी तिच्याकडून शिकायला लागलो. तिच्या पद्धतीनंच, कारण तिला दुसरी येत नव्हती. बायांच्या ओळीत सूप घेऊन बसलो. आमच्यात गडी विडीला हात लावत नाही. बाया पदराआडून हसायच्या. काय ओ डॉक्टर, आज छाट किती, म्हणायच्या, कारण माझ्या निम्म्या विड्या फेकायच्या लायकीच्या निघायच्या. पण वाक्य बसायचं. पान, जर्दा, वळण, तोंड, दोरा. चाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा विद्यार्थी झालो.

शेवटच्या महिन्यात तिला बोलताना दम पुरत नव्हता. तिनं एकच गोष्ट मागितली. पदविका नको, खुर्ची नको. ती ओळ काढायची. तिची नात शाळेत जायला लागली होती, आणि शाळेच्या अर्जात घरच्यांच्या नोंदी उघडतात.

“आजी चोर हाय असं वाचील ती,” अक्का म्हणाली. “ती ओळ काढ. पण एकावन्न म्हणून काढू नको. नीट काढ.”

मी हो म्हणालो. ती गेली तेव्हा तिची बोटं चादरीवर चालत होती. तीन हालचाली झाल्या, वळणापर्यंत. तोंड मोडायचं राहिलं.

कबुलीजबाबाला विद्यापीठाकडे वेगळी वाट आहे. विलंबित निवेदन म्हणतात. वर्षाला एकदा देता येतं. परीक्षेचं जुनं चित्रण तोवर पुसलेलं असतं, उरतो तो माणसाचा शब्द. मी खोटा होतो आणि ती खरी होती, हे उगमासमोर बसून बोलायचं, उगमानं ते तुमचंच आहे असं मानलं की दोन्ही नोंदी बदलतात. मला माझी भीती माहीत होती. एकदा आवाजाच्या चिन्हावरून बोट काढलेला माणूस मी. आयत्या वेळी अर्धं गिळेन म्हणून मी निवेदन लिहिलं आणि पाठ केलं. आठ महिने. ओसरीवर, बायांच्या ओळीत, एक विडी, एक वाक्य. रेणुका ऐकायची आणि चुकलं तर सांगायची. गोळा कुठला, किती उत्तरं, सुनावणीच्या दिवशी मी कुठं होतो, ताप नव्हता हे. शेवटी शेवटी ते झोपेतही म्हणता आलं असतं.

त्या सकाळी मी न अडखळता बोललो. आयुष्यात इतकं खरं, इतकं सरळ मी कधीच बोललो नव्हतो. एकही वाक्य गिळलं नाही. बोलून झालं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नव्हता.

पडद्यावर निकाल आला. उगम-अंक अकरा. विराम अनैसर्गिक. बाहुली स्थिर. दोन्ही हातांची टेबलाखाली लयबद्ध हालचाल. निवेदन पढवलेले असण्याची दाट शक्यता. निवेदन फेटाळण्यात येत आहे. आपली पदविका अबाधित आहे.

मी खाली बघितलं. बोटं अजून चालत होती.

केसकर मॅडमना फोन लावला. सहा दिवसांनी लागला. सगळं पुन्हा सांगितलं, जसं पाठ होतं तसंच आलं तोंडातून. त्यांनी ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “यादगिरी, मोकळेपणानं सांगा. हे बोलायला तुमच्यावर वस्तीतून कुणी दबाव आणतंय का?”

मी फोन ठेवला.

पुढच्या वर्षी पुन्हा निवेदन देता येईल. कसं द्यायचं तेही मला माहीत आहे. गोळा अजून डबीत होता, चालतही होता, बघितलं मी. तो कानामागं लावायचा आणि माझंच खरं, माझ्याच कबुलीचे शब्द, सतराचे पाढे सोडवत बोलायचे. बाहुली फुलेल, जीभ अडेल, ऐंशीच्या वर अंक येईल, ओळ निघेल. खरं खरं ठरवायला तेवढंच खोटं लागतं. डबी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. शाळेच्या अर्जावरची ओळ वाचणारी ती पोर डोळ्यांपुढं होती. दुसऱ्या बाजूला अक्का, दोरा दातानं तोडणारी. नीट काढ, म्हणाली होती.

गोळा मी दगडावर ठेवून ठेचला. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. ओळ अजून तिथंच आहे.

पदविका भिंतीवरून काढली आणि राजीनाम्यासोबत पाठवून दिली. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, दुसरा कुणी आलेलाही नाही. केंद्राचं दार सकाळी रेणुका उघडते, ती यंदा परीक्षेला बसतेय. तिला मी हात बांधून बोलायला शिकवतोय. आत दोन खुर्च्या आहेत, दोन्ही रिकाम्या. मी पायरीवर बसतो.

आज सकाळी एक म्हातारा आला. आत डोकावला, खुर्च्या बघितल्या आणि विचारलं, सायेब कुठंय?

सायेब न्हाई, मी म्हणालो. बसा. कधीपास्नं दुखतंय, आणि कुठं, ते आधी सांगा.

मांडीवर सूप नव्हतं. बोटांनी पान उचललं.